कंपाची खुंटी

मंगळवार, ३० जुलै १९५७

उभी राहिली! टाळ्या वाजवत ती बाई चक्क उभी राहिली — माझ्यासाठी! आणि कुठल्या सुरावर? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला ज्या सुरावर झालं होतं, त्याच सुरावर!

नीट लिहिते. पहिल्यापासून.

सुमनताईंच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका आलेल्या. दवाखान्यातल्या नर्स कुसुमताई आपल्याबरोबर त्या इटालियन इंजिनियरची बायको घेऊन आल्या — औषधाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलाय ना, त्याची. नाव कार्लोत्ता. बायकांनी तिची कधीच ‘कार्लाबाई’ करून टाकली आहे. पाय एका बाजूला घेऊन पाटावर बसली होती आणि फुगड्या बघून पोरीसारखी खिदळत होती.

मग सुमनताईंनी काढलंच — "दुर्गाबाई, तुम्ही नाटकात होता ना? एक पद होऊन जाऊ द्या." मी नेहमीचं सांगितलं, घसा बसलाय. तर नवरी हातच सोडेना. गायले. सुरुवात झकास. मला युक्ती माहीत आहे — कुठल्याच सुरावर थांबायचं नाही, पळत राहायचं. पण त्या पदाचा शेवट वरच्या षड्जावर आहे आणि तिथे थांबल्याशिवाय सुटका नाही. थांबले. आणि आला! तो मेला कंप! सूर हलायला लागला. बायका पदराची टोकं बघायला लागल्या. सुमनताई लगबगीनं हरभऱ्याची परात आणायला उठल्या.

आणि कार्लाबाई उभी! "ब्राव्हा! ब्राव्हा!" स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन बोटं थरथरवून दाखवली आणि कुसुमताईंना इंग्रजीत काहीतरी भराभरा सांगितलं. कुसुमताई म्हणाल्या, "ती विचारतेय, हा आवाज कुठे शिकलात? म्हणे तिच्या देशात सूर असा हलावा म्हणून मुली वर्षानुवर्षं झटतात."

मी हसले की रडले, आठवत नाही.

जुन्नरचा तो प्रयोग! सात वर्षं झाली. हाच षड्ज, असाच हलला, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी शेळीसारखं "में-एं-एं" केलं. सगळा तंबू हसला. दुसऱ्या दिवशी नाटक कंपनीचे मालक दौलतराव म्हणाले, "दुर्गाबाई, आता आईच्या भूमिका करा. पदं नसलेल्या." मी कंपनीच सोडली. लोकांना सांगते, संसारासाठी गाणं सोडलं. खरं ठाऊक असलेली माणसं तीनच — हे, पेटीवाले दत्तोबा मास्तर आणि तबलजी चांदभाई. सगळे त्याच कंपनीतले. हे तेव्हा दिव्यांवर होते.

मला पुन्हा उभं राहायचंय. झगझगीत उजेडात, माणसांसमोर, आणि कुणी हसता कामा नये. बस, एकदाच. हे मी आजवर इथेही लिहिलं नव्हतं.

बुधवार, ३१ जुलै

ह्यांना सांगितलं. कारखान्यातल्या बॉयलरवरून आलेले, कानात अजून वाफच. म्हणाले, "मला तर तुझा सूर तेव्हाही सरळच वाटायचा." ह्यांना भैरवी आणि भोंगा यांतला फरक कळत नाही — त्यांच्या कौतुकाचा काय उपयोग! पण बरं वाटलं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

कार्लाबाईच्या बंगल्यावर गेले. कुसुमताई दुभाषी.

आधी तिनं ग्रामोफोन लावला. त्यांच्याकडे म्हणे असं नाटक असतं की त्यात कुणी बोलतच नाही. भांडण गाण्यात, पत्र वाचणं गाण्यात, मरणं तर गाण्यातच! आणि एकेक बाई अशी गाते की सूर नुसता लहरतोय. पहिली संपली, दुसरी लावली — तिचाही हलतो. तिसरीचाही. मी म्हटलं, "कुसुमताई, ह्या सगळ्या जुन्नरला जाऊन आल्यात का?" त्यांना काही कळलं नाही. मी मात्र एकटीच हसत सुटले.

मग मी गायले. कार्लाबाई पियानोशी बसून डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, पुन्हा ब्राव्हा. छे! म्हणाली, "तुझ्यात दोन कंप आहेत. एक सोन्याचा आहे — श्वास मोकळा असला की आपोआप येतो, एकसारखा. दुसरा भीतीचा. तो सूर संपता संपता येतो, आणि तेव्हा तू हनुवटी हलवतेस." मी म्हटलं, मी हनुवटी हलवत नाही! तिनं माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि म्हणाली, गा. हलवते. चांगलीच हलवते.

वाद घातला. गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सूर सरळ लागतो म्हणून तर तंबूच्या मागच्या कनातीपर्यंत जातो, आणि शब्द न् शब्द कळतो. तुमच्या बायकांचा शब्द कुठे कळतो? ती म्हणाली, "नाटकातल्या गाणाऱ्यांचं हेच चुकतं. आमच्याकडेही तशा आहेत. आमची पदं गायला घेतात आणि शब्दासाठी गळा आवळतात. आवळलेल्या गळ्यातून निघतो तो सूर सरळ नसतो, ताठ असतो." मी म्हटलं, सरळ आणि ताठ एकच. ती म्हणाली, अजिबात नाही! आणि पियानोवर थाप मारली. कुसुमताई बिचाऱ्या घामाघूम झाल्या.

शेवटी मी म्हटलं, तुम्हीच गाऊन दाखवा ना सरळ आणि ताठ. ती एकदम हसली. म्हणाली, "मी? मी गात नाही. लग्न झालं, संसार आला, सोडलं." मी पुढे विचारलं नाही. मला कुणी विचारलेलं आवडत नाही, म्हणून.

तिनं मला एक पद शिकवायला घेतलंय. एक राणी आहे, तिला राज्याबाहेर घालवलंय, आणि जाण्यापूर्वी ती आपल्या बागेतल्या एकेका झाडाचा निरोप घेते. अर्थ ऐकून अंगावर काटा आला. घरी येताना वाटेतल्या बाभळीचासुद्धा निरोप घेतला!

रविवार, ४ ऑगस्ट

कार्लाबाईनं सांगितलंय, जमिनीवर उताणं पडायचं, पोटावर जाड पुस्तक ठेवायचं, श्वासानं ते वर उचलायचं. आमच्याकडे जाड पुस्तक म्हणजे पंचांग — पंखासारखं हलकं. म्हणून वरवंटा ठेवला. हे रात्रपाळीनंतर झोपून उठले आणि बघतात तर बायको स्वयंपाकघरात आडवी, पोटावर वरवंटा, आणि तोंडानं "आऽऽ". धावत आले, म्हणाले, "काय झालं? कुठं दुखतंय?" मी हसले आणि वरवंटा गडगडत जाऊन दुधाच्या पातेल्यावर आपटला. दूध गेलं. पण श्वास! श्वास कुठवर जातो ते आज कळलं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

दत्तोबा मास्तर येऊन गेले. चिंचवडहून छत्री टेकत चालत. कॉलनीत बातमी फुटली होतीच, गोऱ्या बाईकडे गाणं शिकते म्हणून.

चहा घेतला नाही. म्हणाले, "दाखीव काय शिकलीस." मी राणीचं पद गायले. संपल्यावर त्यांनी छत्री जवळ ओढली. मग म्हणाले, "दुर्गे, गमक येगळं, आंदोलन येगळं. ते आपुन सुराला हलिवतो. ह्यो कंप आपल्याला हलिवतो. ह्यात गानं कुठं हाय?"

मी म्हटलं, मास्तर, तिकडे हेच गाणं समजतात. श्वास मोकळा असला की —

"तिकडं समजत आसतील. तिकडं बर्फ पडतो, मान्सं कापत आसतील!" मला हसू आलं, त्यांना राग. "आगं, सूर हलला की शब्द हलतो. शब्द हलला की मानूस म्हनतो, ही बाई घाबरलीया. म्हातारी झालीया. तुला पुन्यांदा हसावं लोकांनी, आसं वाटतं व्हय तुला?"

तेच ते. जुन्नर. त्यांनीच मला सूर लावायला शिकवला. तेराव्या वर्षापासून मी त्यांच्या पेटीशी गायले. ते बोलले की मला पुन्हा तेरावं वर्ष लागतं. उठून गेले तेव्हा मी दारापर्यंतही गेले नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

बर्फ पडतो म्हणे! रागानं तीन वेळा भांडी घासली.

मंगळवार, १३ ऑगस्ट

आज हमरस्त्यावर चांदभाईंच्या सायकल दुकानात गेले. ह्यांच्या सायकलीचं निमित्त. खरं काम दुसरंच.

चांदभाई चाक फिरवत होते. मी म्हटलं, भाई, मास्तर असं असं म्हणतात, तुमचं काय मत? ते म्हणाले, "गाओ ना बाई. इथंच." भर रस्त्यात! मालमोटारी चाललेल्या, चाकणचा कांदा घेऊन गाड्या चाललेल्या. मी हळू आवाजात राणीचा लांब सूर लावला. त्यांनी डोळे मिटले आणि सायकलीच्या सीटवर एक बोट वाजवायला लागले — माझ्या कंपाबरोबर! सूर संपेपर्यंत बोट चुकलं नाही.

"बाई," म्हणाले, "हा लयीत आहे. मी बोट धरून बघितलं. चाकाला आऊट आला ना, की ते दर फेरीला एकाच जागी घासतं. तुमचा सूर कुठंच घासत नाय. जुन्नरला घासत होता, खोटं कशाला बोलू. आता नाय घासत."

मला इतका आनंद झाला की सायकल तिथेच विसरून घरी आले! हे म्हणतात, "आता मी कारखान्यात वरवंट्यावर बसून जाऊ का?"

पण चांदभाई एक गोष्ट ठाम म्हणाले. त्या पदाला तबला वाजवणार नाहीत. "यात सम कुठं आहे? सगळं नुसतं जातंय, जातंय. परत येतच नाय." मी म्हटलं, राणीला घालवलंय, परत कशी येईल? ते म्हणाले, "तो तिचा प्रश्न. तबल्याला परत यायला लागतं."

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर गणेशोत्सव मंडळाचे यशवंतराव आले. पाच सप्टेंबरला मांडवात माझं गाणं ठेवू का, म्हणून. मी हो म्हटलं! तोंडातून निघून गेलं! आता काय करू?

रविवार, १८ ऑगस्ट

आजचा दिवस! लिहायला हात पुरत नाही.

कार्लाबाईला मास्तरांकडे नेलं. म्हटलं, मी किती निरोप इकडून तिकडे पोचवू? समोरासमोर होऊन जाऊ दे. मी स्वतः तर धड एका बाजूचीही नाही. मास्तरांसमोर कार्लाबाईची बाजू घेते आणि कार्लाबाईसमोर मास्तरांची. भांडायची हौस, दुसरं काय.

मोरया गोसावींच्या देवळामागची ती खोली. एका भिंतीला मास्तरांचं अंथरूण, एका भिंतीला कंपनीची ती मोठी पायपेटी. कंपनी मोडली तेव्हा पगाराऐवजी त्यांनी ही पेटी उचलून आणली. चांदभाईही आलेले, वाद बघायला.

मास्तर पहिल्यांदा नमस्कारही करेनात. कार्लाबाई मात्र पेटी बघून वेडीच झाली. अशी पेटी म्हणे तिच्या आजोळच्या देवळात होती. मास्तरांनी नको म्हणायच्या आत ती बसली, भाता मारायला लागली आणि वरच्या खुंट्या एकेक ओढून बघायला लागली. एक खुंटी ओढली, काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. वाकून मागे डोकावली आणि ओरडली — कुसुमताई, बघा!

पेटीच्या आत एक छोटा पंखा आहे. ती खुंटी ओढली की वाऱ्यानं तो फिरतो आणि सूर थरथरतो. म्हणजे पेटीतच कंप! साहेबानं तिकडे बनवतानाच घातलेला! आणि खुंटीवर इंग्रजीत लिहिलंय — कुसुमताईंनी वाचून अर्थ सांगितला — ‘माणसाचा आवाज’. मास्तरांनी तो पंखा दोऱ्यानं करकचून बांधून टाकलाय. दोरा काळा पडलाय, त्यावर जाळी.

कार्लाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "बघा! माणसाचा आवाज हलतो, हे लाकडाला ठाऊक आहे!"

मास्तर असे काही भडकले! "आरं, लाकडाला माझ्या सुरातलं काय कळतंय! पंचवीस पानांची पंगत वाढताना हात हलला तर चालंल का? त्यो पंखा मी पयल्याच दिशी बांधला. माझ्या गुरूनं सांगितलं, पेटीला मानूस करायचं न्हाई, मानसाला सूर करायचा!"

कुसुमताईंनी हे कसंबसं इंग्रजीत केलं. मला वाटलं आता कार्लाबाई फुटणार. पण तिनं पेटीसमोरची जागा मोकळी केली. मास्तरांकडे वळली. मग तिनं विचारलं, "ह्यांना म्हणावं, सूर सरळ कसा असतो, तो वाजवून दाखवा."

मास्तर बसले. नुसता षड्ज धरला. भाता कळू न देता मारतात ते, त्यामुळे सूर कुठे सुरू झाला तेही समजत नाही. खोली भरली. चांदभाईंनी कान पकडले. कार्लाबाई भिंतीला टेकून ऐकत होती आणि तिचे डोळे पाण्यानं भरलेले. मला वाटलं, आजोळची आठवण.

निघताना तिनं मास्तरांना वाकून नमस्कार केला. आपल्यासारखा, पायांना हात लावून. मास्तर गडबडले. मला म्हणाले, "बाई बरी हाय. पन पाच तारखेला मी पेटीला येनार न्हाई. त्या गान्याला न्हाई."

रविवार, २५ ऑगस्ट

आज काहीच जमत नाही. मांडवासाठी बांबू आले, ते पाहिले आणि जुन्नर आठवलं. राणीच्या शेवटच्या सुराला तो दुसरा कंप आला — भीतीचा. हनुवटीवर बोटं ठेवून गायले, तरी आला. कार्लाबाई म्हणाली, "सूर धरून ठेवू नकोस, सोड. तू त्याला हातात पकडतेस म्हणून तो फडफडतो." मी तिच्यावर ओरडले — तुम्हाला काय माहीत लोक हसतात तेव्हा कसं वाटतं! कुसुमताईंनी भाषांतरच केलं नाही. पण तिला कळलं. तिनं पियानोचं झाकण लावलं.

ह्यांना म्हटलं, यशवंतरावांना नाही सांगून या. हे म्हणाले, "सांगतो. पण मांडवात दिवे मी लावणार आहे, ते कुणावर टाकू?" मग स्वतःच म्हणाले, "जुन्नरला माझा एक दिवा भडकला होता. लोक त्याला हसले असतील." खोटं बोलणं ह्यांना कधी जमलं नाही. देवमाणूस.

गुरुवार, २९ ऑगस्ट

गणपती बसले. नाही सांगायला कुणी गेलं नाही. मीच जाऊ दिलं नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

मास्तर आले! गौरी जेवायच्या दिवशी, पुरणाच्या वासावर आल्यासारखे. जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "पेटीला कोन हाय?" मी म्हटलं, कुणी नाही. "म्हंजी कुनीतरी आडदांड येऊन पेटी बडवंल. मी येतो. पन तुझा सूर जाईल तिकडं माझी पेटी जायाची न्हाई. मी सरळ वाजवनार." मी म्हटलं, वाजवा! तुम्ही सरळ वाजवा, मी हलवते, बघू कोण टिकतं! गालातल्या गालात हसले. सात वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

काल झालं. आज सकाळी लिहिते आहे, चूल पेटवायची राहिलीय, राहू दे!

मांडव गच्च. कारखान्यातली माणसं, पिंपरी गावातली, खराळवाडीची, बाया, पोरं. ह्यांनी दोन दिवे असे लावले होते की डोळ्यांसमोर नुसता उजेड, माणसं दिसतच नव्हती. मुद्दाम तसे लावले होते, नंतर कळलं.

आधी नाट्यपद गायले. चांदभाईंचा तबला, मास्तरांची पेटी. वरच्या षड्जावर आले आणि थांबले. आला कंप. मी सोडला त्याला. धरला नाही. कुणी हसलं नाही. टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी.

मग चांदभाईंनी तबला बाजूला सारला आणि हाताची घडी घालून बसले. राणीचं पद. शब्द कुणाला कळणार! म्हणून मी आधी चार वाक्यांत गोष्ट सांगितली — राणी, बाग, झाडांचा निरोप. नाटकवाल्या आम्ही, सांगितल्याशिवाय कसं गाणार? आणि गायले. मास्तर म्हणाल्याप्रमाणे सरळ वाजवत होते. पेटी सरळ, मी लहरत. पहिल्यांदा वाटलं दोघं भांडतोय. मग वाटलं, नाही, ती जमीन आहे आणि मी तिच्यावरून चालतेय. शेवटचा सूर सोडला. एकसारखा. हनुवटी माझ्या ताब्यात.

आणि मागून एक आवाज — "वन्स मोअर!"

मग दुसरा. मग सगळा मांडव! वन्स मोअर! सात वर्षांनी! कानांवर विश्वास बसेना.

आता वन्स मोअर म्हणजे काय, हे नाटकवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेच पुन्हा गायचं नसतं. तेच गायलं तर लोक म्हणतात, बाईजवळ एवढंच होतं. दुसऱ्या वेळी जास्तीचं द्यायचं. माझ्या ते ध्यानीमनीही आलं नाही की हे पद परदेशी आहे, त्यातला एक सूरही इकडचा तिकडे करायचा नसतो! मी सरळ आलाप घेतला. राणी झाडांचा निरोप घेत होती, मी तिला आणखी दोन झाडं दिली — एक कडुनिंब, एक पारिजात! बाजूच्या पडद्याआड कार्लाबाई उभी होती, तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. मला हसू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात पेटीचा सूर हलला. मी चमकून पाहिलं. मास्तरांनी खुंटी ओढली होती! ती! पंखा फिरत होता, धुरळा उडत होता, पेटी खडखडत, धापा टाकत थरथरत होती आणि मास्तर तोंड फिरवून बसले होते. दोरा ते घरूनच कापून आले होते. का, ते नंतर चांदभाईंनी सांगितलं. मास्तर त्यांना म्हणाले होते, "येकटीचा कंप उघडा पडाया नगं."

मी काय गायले ते मला आठवत नाही. इतकंच आठवतं की मी कंपाला म्हटलं ये, आला. म्हटलं थांब, थांबला. त्या आनंदात मी वर, आणखी वर गेले, शेवटच्या सुरावर पोचले आणि — श्वास संपला! त्या दोन झाडांनी खाल्ला! सूर तोंडाशी येऊन विझायला लागला. आता हसतील, असं वाटलं.

आणि पडद्याआडून तोच सूर आला. दुसऱ्या गळ्यातून. कार्लाबाईच्या. तिनं तो माझ्याकडून घेतला आणि धरला. सरळ! केसभरही हलला नाही! मास्तरांनी झटक्यानं खुंटी आत ढकलली, पंखा थांबला, त्यांनी पेटीवरचे हातच उचलले. तो सूर एकटा उभा राहिला मांडवात. मी असा षड्ज कुणाकडून ऐकला नाही. मास्तरांच्या पेटीतूनच काय तो ऐकला होता.

टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, गाण्यातच तसं आहे. मी पडद्याआड धावले. कार्लाबाई नव्हती. निघून गेली होती.

मास्तर पेटीशी तसेच बसलेले. मला एवढंच म्हणाले, "त्यो सूर तिचा?"

शनिवार, ७ सप्टेंबर

दोनदा बंगल्यावर गेले. डोकं दुखतंय म्हणे, भेटत नाही. माझं काय चुकलं? ती झाडं घातली म्हणून रागावली का?

रस्त्यात ओळख नसलेली एक बाई थांबवून म्हणाली, "त्या राणीचं पुढं काय झालं वो?" मी म्हटलं, बरी आहे!

सोमवार, ९ सप्टेंबर

कार्लाबाईनं आज बोलावून सांगितलं. तिनं संसारासाठी गाणं सोडलं नव्हतं. तिच्या गायनशाळेनं तिला काढून टाकलं होतं. हिचा सूर हलत नाही, मेलेला आवाज आहे, म्हणून. चौदा वर्षं ती कुणासमोर गायली नव्हती. मी कुसुमताईंना पुन्हा विचारलं, नीट ऐकलंत ना?

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो होतो, तोच फाटकाशी बैलगाडी थांबली. मास्तर, चांदभाई आणि पेटी. मी उठून जागा केली, पदर खोचला, गळा साफ केला.

"तू सरक, दुर्गे," मास्तर म्हणाले. "आज तुझ्यासाठी न्हाई आलो. तिला म्हनावं, सा लाव."